पेशंट सोडून रजिस्टर चाळत बसणारी डॉक्टर नेमकं करते काय?

गेल्या आठवड्यात एका इंटर्ननं मला विचारलं, जसंच्या तसं देते: "मॅडम, तुम्ही एमबीबीएस, एमडी आणि दिवसभर अपघात विभागातली जुनी रजिस्टरं चाळत बसता. अपघात म्हणजे नशीब नाहीतर कुणाची तरी चूक, त्यात संशोधन कसलं करायचं? आणि समजा मला यातच यायचं असलं तर काय करू?" तिथं चहाच्या गाड्यावर मी दोन वाक्यात विषय उडवून लावला पण प्रश्न काय डोक्यातनं जाईना, म्हणून माझा विषय, इजांचं साथरोगशास्त्र, आता बैजवार लिहिते, लांबलं तर लांबलं.

आधी नशीब घेऊ. नशीब असतं तर वर्षभर सगळ्यांना सारखंच वाटलं गेलं असतं की रे. तसं होत नाही. दिवाळीच्या आगंमागं साखर कारखान्यांची धुराडी पेटली की पुढचे चार-पाच महिने रात्री आमच्याकडं कोल्हापुरात एका ठरावीक प्रकारचा पेशंट यायला लागतो: तरणा पोरगा, मोटरसायकलवर, उसाच्या थांबलेल्या नाहीतर संथ चाललेल्या ट्रॉलीला मागनं धडकलेला, तोंडाला आणि डोक्याला मार. हंगाम संपला की हा प्रकार कमी होतो. जे ऋतूप्रमाणं येतं, दिवसाच्या ठरावीक वेळेला येतं, ठरावीक वयाच्या माणसाला गाठतं, ते नशीब नाही, ते साथीसारखं वागतंय. साथ म्हटली की आपण काय करतो, कोण, कुठं, कधी हे आधी मांडतो. १९४९ साली जॉन गॉर्डन नावाच्या साथरोगतज्ज्ञानं हेच लिहिलं की इजांनासुद्धा साथीच्या रोगांचीच पद्धत लावता येते. म्हणजे ही कल्पना काय माझी नाही आणि नवीही नाही.

आता चूक. त्या पोराच्या कागदावर काय लिहिलं जातं? "भरधाव वेगाने." देशाच्या रस्ते वाहतूक खात्याचा २०२२ चा अहवाल बघ, १,६८,४९१ मृत्यू, त्यातले सत्तर टक्क्यांहून जास्त "अतिवेग" या एका रकान्यात. मला वेग निर्दोष आहे असं म्हणायचं नाही. पण हिशोब तूच करून बघ. ताशी ६० म्हणजे सेकंदाला साधारण पावणेसतरा मीटर. समोर काहीतरी आहे हे कळून ब्रेकवर पाय जायला दीड सेकंद धर, पंचवीस मीटर तिथंच गेले. कोरड्या रस्त्यावर चांगला ब्रेक लागला तरी थांबायला अजून बावीस-तेवीस मीटर. झाले अठ्ठेचाळीस. आणि डिम केलेल्या हेडलाइटच्या उजेडात बिनदिव्याची, मातकट, उसाच्या रंगाची ट्रॉली दिसते साधारण तीस-चाळीस मीटरवरनं, त्यात समोरनं कुणाचा तरी एलईडी डोळ्यावर आला असला तर तेवढंही नाही. म्हणजे पोरगा शुद्धीत होता, लायसन होतं, लक्ष होतं, तरी तो धडकणारच होता, कारण त्याला दिसलं तेव्हाच रस्ता संपला होता. ताशी ४० नं असता तर सत्तावीस-अठ्ठावीस मीटरात थांबला असता. आता सांग, चूक एकट्या त्याची का? त्या ट्रॉलीचा मागचा दिवा वायर तुटून बंद, रिफ्लेक्टर होता पण खाली चासीवर चिखलानं माखलेला, आणि वरनं मोळ्यांची टोकं हातभर बाहेर आलेली, त्यांनी उरलासुरला झाकून टाकलेला.

कायद्याला दोषी माणूस लागतो, निष्काळजीपणानं मृत्यू घडवल्याबद्दल पूर्वी भारतीय दंड संहितेचं कलम ३०४ अ होतं, जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं १०६. तो त्यांचा धंदा, त्यांनी तो करावाच. माझा प्रश्न वेगळा आहे: या साखळीतली कुठली कडी सगळ्यात सोपी तुटेल? ती बऱ्याचदा दोषी माणसाकडं नसतेच.

ही सवय या शास्त्रात कुठनं आली ते ऐक, गोष्ट चांगली आहे. ह्यू डीहेवन म्हणून एक माणूस पहिल्या महायुद्धात विमान शिकत होता, हवेत दोन विमानं धडकली, हा जगला. बाकीचे म्हणाले नशीब. हा म्हणाला नाही, माझ्या पोटातल्या जखमा त्या पट्ट्याच्या टोकदार बकलानं केल्यात. पुढं १९४२ मधे त्यानं ५० ते १५० फुटांवरनं पडून जगलेल्या माणसांचा अभ्यास छापला आणि दाखवलं की शरीर बराच मार सोसतं, फक्त तो मार जास्त जागेवर आणि थोडा जास्त वेळ घेऊन पसरला पाहिजे. हेल्मेटच्या आतला थर्माकोल दुसरं काय करतो? मग १९६१ मधे जेम्स गिब्सन हा मानसशास्त्रज्ञ म्हणाला की इजेचं कारण म्हणजे शरीरात घुसणारी ऊर्जा, मलेरियात जसा जंतू तशी इथं ऊर्जा, हलती, उष्ण, विजेची, रासायनिक. आणि मग आला विल्यम हॅडन, स्वतः डॉक्टर, अमेरिकेच्या रस्ता सुरक्षा खात्याचा पहिला प्रमुख. त्यानं एक तक्ता केला, आडवं माणूस, वाहन, परिसर आणि उभं घटनेआधी, घटनेत, घटनेनंतर. नऊ चौकटी. पीएसएमच्या (सामाजिक वैद्यकशास्त्राच्या) पुस्तकात आहे, परीक्षेपुरता पाठ केला असशील आणि विसरला असशील.

तो तक्ता ट्रॉलीवर मांड म्हणजे कळेल. आधी-वाहन या चौकटीत ट्रॉलीच्या मागं वरपासून खालपर्यंत लोंबणारा रिफ्लेक्टरचा कापडी पट्टा, जो मोळ्यांच्या बाहेर राहतो. आधी-परिसर मधे रात्री नादुरुस्त ट्रॉली रस्त्यावर न ठेवता बाजूला घ्यायला कारखान्याच्या वाटेवर दर काही अंतरावर मोकळी जागा. घटनेत-वाहन मधे ट्रॉलीच्या मागं खाली आडवा मजबूत बार, म्हणजे गाडी खाली घुसत नाही. घटनेत-माणूस मधे हेल्मेट. घटनेनंतर मधे पहिल्या तासात तो कुठं पोचतो, आणि उचलणारा पोलिसाच्या भीतीनं पळून जातो का थांबतो (मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनं कलम १३४ अ आलंय, चांगल्या हेतूनं मदत करणाऱ्यावर दिवाणी-फौजदारी काही लागत नाही, हे गावात निम्म्या लोकांना माहीत नाही). आणि "तरुणांनी सावकाश जावे" ही नऊतली एक चौकट झाली, आपण सगळा पैसा आणि सगळी भाषणं तिथंच ओततो.

हेल्मेटचं एका वाक्यात सांगते कारण त्यावर वाद घालायला मला वेळ नाही: जगभरच्या अभ्यासांचा एकत्र आढावा सांगतो की मोटरसायकलवाल्यात हेल्मेटनं मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्के आणि डोक्याच्या इजेचा ६९ टक्के कमी होतो, पण पट्टा लावला तर, आरशाला अडकवलेल्या हेल्मेटचा फायदा आरशाला.

आता रजिस्टरवर येते कारण तुझा खरा टोमणा तिथं होता. मोजायचं कशाला, सगळ्यांना माहीतच आहे की अपघात होतात. अरे माहीत नाही, तेच तर म्हणते. पोलिसाकडं वेगळा आकडा, आमच्या एमएलसी (पोलिसांना कळवायच्या केसेसच्या) रजिस्टरला वेगळा, अँब्युलन्सकडं तिसरा. कुठला खरा? एकही नाही. यावर एक भारी युक्ती आहे आणि ती आपल्या माणसाची आहे, चंद्रशेखर आणि डेमिंग यांनी १९४९ मधे कलकत्त्याजवळच्या सिंगूरच्या जन्म-मृत्यूच्या नोंदी घेऊन मांडलेली. समज एका तालुक्यात पोलिसांच्या यादीत ४० जखमी, दवाखान्याच्या यादीत ६०, आणि दोन्हीत सापडणारे २०. म्हणजे दवाखान्याच्या ६० पैकी पोलिसांनी २० पकडले, तिसरा हिस्सा. पोलीस एकूणातलाही तिसराच हिस्सा पकडत असतील असं धरलं तर त्यांचे ४० म्हणजे एकूण १२०. दोन्ही याद्या जोडून तुला दिसले ८०, म्हणजे ४० जण कुणाच्याच कागदावर नाहीत. हे आकडे मी समजवायला घेतलेत, कुठल्या तालुक्याचे नाहीत, उगाच कुठं छापू नकोस. आणि यात मेख आहे, दोन याद्या एकमेकींपासून स्वतंत्र असल्या पाहिजेत, त्या नसतात, कारण गंभीर पेशंट दोन्हीकडं जातो आणि किरकोळवाला दोन्हीकडं जात नाही, त्यामुळं उत्तर नेहमी कमीच येतं. म्हणून याद्या दोनच्या तीन घ्यायच्या आणि गंभीर-किरकोळ वेगळं मोजायचं.

ऐकायला सोपं आहे, करायला बस म्हणजे कळेल. "दोन्हीत सापडणारे" कसे शोधणार? नाव जुळवून. कोल्हापुरात पाटील जुळवायचे म्हणजे काय चेष्टा आहे का. गाव बघावं तर शिरोली लिहिलेलं, आता ही पुलाची शिरोली का शिरोली दुमाला? एक हातकणंगल्यात, एक करवीरमधे, दोन वेगळी पोलीस ठाणी. वय पोलिसाकडं ३५, आमच्याकडं ३२, दोन्ही अंदाजे. तारीख रात्री बारानंतर बदललेली. मी पहिल्या वर्षी हे सगळं एक्सेलला नावावरनं जुळवायला दिलं आणि दोन वेगळ्या माणसांना एक करून टाकलं, एकाला तर मेलेला दाखवलं आणि तो पुढच्या महिन्यात टाके काढायला आलेला. तेव्हापासून आम्ही नाव शेवटी बघतो, आधी तारीख, वेळ, ठिकाण, इजेची जागा, वाहन.

बरं, मेला कधी म्हणायचं? जगात बहुतेक ठिकाणी अपघातापासून ३० दिवसांत गेला तर तो रस्त्यावरचा मृत्यू धरतात. आपला पेशंट इथनं मिरजेला जातो नाहीतर बेळगावला, तिथं अकराव्या दिवशी दगावतो, बेळगाव असलं तर राज्यच बदललं, आणि इथल्या रजिस्टरला तो कायमचा "रेफर" म्हणून जिवंत राहतो.

आणि कारण. आयसीडी-१० मधे, म्हणजे आजारांना कोड द्यायच्या जागतिक यादीत, इजेचे दोन कोड असतात, काय झालं हा एक, एस ०६ म्हणजे डोक्याच्या आत मार. कशानं झालं हा दुसरा, व्ही २० ते व्ही २९ मोटरसायकलस्वार, डब्ल्यू ३० शेतीचं यंत्र, एक्स २० विषारी साप. पहिला सगळे लिहितात कारण ऑपरेशनला तो लागतो. दुसरा कुणी लिहीत नाही, आणि लिहिला तर एक्स ५९, म्हणजे "कशानं ते सांगितलेलं नाही", कचऱ्याची बादली आहे ती. मला पेशंटची कवटी किती फुटली यापेक्षा कशावर आपटली ते पाहिजे असतं. रात्री दोनला सीएमओला, म्हणजे अपघात विभागातल्या ड्यूटी डॉक्टरला, ते विचारायला वेळ नसतो, मी त्याला दोष देत नाही, तीन खाटांवर सहा पेशंट असतात. म्हणून आम्ही सकाळी जाऊन नातेवाइकांना विचारतो. आणि तिथं कळतं की कागदावर "घरात पाय घसरून पडून" लिहिलेला माणूस खरं तर पुतण्याच्या गाडीवरनं पडलाय, गाडीचा विमा संपलाय, म्हणून सगळ्या घरानं मिळून त्याला मोरीत पाडलं. नातेवाईक खोटारडे नसतात, घाबरलेले असतात. आपण पोलीस नाही आणि नाव कुठं जाणार नाही हे पटलं की सांगतात, आणि मग ते खरंच कुठं जाऊ द्यायचं नाही, हे एथिक्स कमिटीच्या कागदापेक्षा मोठं आहे.

मोजून झालं तरी अर्धंच काम होतं, खाली भाजक लागतो. "ट्रॉलीला धडकणारे बहुतेक बिनहेल्मेटचे" यातनं काही सिद्ध होत नाही, रस्त्यावरचेच बहुतेक बिनहेल्मेटचे असतील तर? म्हणून तुलना लागते. कधी कधी माणसाची तुलना त्याच्याशीच करता येते, ते मला फार आवडतं: अपघाताच्या आधीच्या मिनिटांत तो काय करत होता आणि आदल्या दिवशी त्याच वेळेला काय करत होता. १९९७ मधे रेडेलमायर आणि टिबशिरानी यांनी टोरंटोत मोबाइलच्या बिलांवरनं असंच काढलं की फोनवर बोलताना धडकण्याचा धोका सुमारे चौपट, आणि हँड्सफ्रीनं वाचवल्याचं काही दिसलं नाही. बोट मोकळं असतं, डोकं नसतं.

आता एक गोष्ट सांगते जिच्यामुळं मी या विषयात टिकले, आणि ती रस्त्यावरची नाही. कागल बाजूच्या एका गावात आम्ही कडबाकुट्टीच्या इजा बघत होतो. तुला माहीत आहे, दारात दोन म्हशी असल्या की सोप्याला कुट्टी मशीन आलंच. एक बाई, उजव्या हाताची तीन बोटं गेलेली. मी तेव्हा नवीन, हातात पोस्टर, त्यावर मोठ्या अक्षरात "यंत्र काळजीपूर्वक हाताळा". तिनं ते बघितलं आणि म्हणाली, "मॅडम, काळजी काय मी घेत नव्हते व्हय?" मग तिनं दाखवलं. संध्याकाळी वैरण घालत होती, वाडं (उसाचे शेंडे) आत अडकलं आणि तेवढ्यात लाइट गेली. मशीन बंद. ती वाट बघत उभी राहिली, लाइट काय येईना, म्हशी ओरडायला लागल्या, म्हणून तिनं अडकलेलं वाडं हातानं ओढून काढायला घेतलं. बटण चालूच राहिलं होतं. लाइट आली.

मी ते पोस्टर घडी घालून पिशवीत टाकलं. तिनं काळजीच घेतली होती, मशीन बंद पडल्यावरच हात घातला होता. चूक बटणात होती. नो-व्होल्ट कॉइलचा स्टार्टर असता तर लाइट आल्यावर मशीन आपोआप सुरूच झालं नसतं, परत हिरवं बटण दाबावं लागलं असतं. पण साध्या मोटरीला साधा स्विच जोडतात, स्वस्त पडतो. (शेतपंपाला तर आपण मुद्दाम ऑटो बसवतो, रात्रीची लाइट आली की पंप आपला आपण चालू व्हावा म्हणून. झोप मिळते हे खरं आहे, शेतकऱ्याला रात्री दोनला उठवणारं वेळापत्रक कुणी केलं हा प्रश्नही इजेच्या साखळीतलाच आहे, पण तो सोडते, नाहीतर मी थांबणार नाही.) कुट्टी मशीनवर आधी काम झालेलं आहे, दिल्ली आयआयटीच्या दिनेश मोहन यांच्या गटानं उत्तरेतल्या खेड्यांत जाऊन बघितलं आणि उपाय सांगितले ते सगळे लोखंड-लाकडाचे: हात पुढं गेलाय हे आधीच कळावं म्हणून तोंडाशी एक रोलर, पात्यावर गार्ड, आणि काम नसताना चाकाला कुलूप, कारण पोरं चाक फिरवत खेळतात. यातलं एकही भाषण देऊन होत नाही, वेल्डरकडं जाऊन होतं. मळणीयंत्रांसाठी १९८३ चा धोकादायक यंत्रांचा कायदासुद्धा आहे, पण कायदा असणं आणि दारातल्या मशीनला गार्ड असणं यात बरंच अंतर आहे.

तसं बघितलं तर सगळीकडं हीच तऱ्हा. श्रीलंकेत १९९५ नंतर सगळ्यात जहाल कीटकनाशकांवर एकेक करून बंदी आली आणि पुढच्या दहा वर्षांत तिथला आत्महत्यांचा दर निम्म्यावर आला, लोकांची दुःखं निम्मी झाली नव्हती. बांगलादेशात लहान पोरांचं बुडणं कमी करायला आया कामात असतात त्या वेळेला पोरं सांभाळायची गावातच सोय केली. आपल्याकडं २०१९ आणि २०२१ च्या पुरानंतर मी पंचगंगेच्या कडेच्या गावात फिरले तर "आमच्या पोरांना पोहायला येतं" हेच पहिल्यांदा ऐकलं, विहिरीत डबा बांधून शिकलेली पोरं, पण विहिरीचं पाणी ओढत नाही आणि पुराचं ओढतं, आणि पाण्यात उतरतो तो पोहता येणाराच.

तुझा शेवटचा प्रश्न, यात यायचं तर काय. कम्युनिटी मेडिसिनमधे एमडी कर किंवा एमपीएच (सार्वजनिक आरोग्यातली पदव्युत्तर पदवी) कर, पण एपिडेमियॉलॉजी आणि स्टॅट मन लावून कर, आर हे आकडेमोडीचं सॉफ्टवेअर शिक, एक्सेलवर भरवसा ठेवू नकोस (वर सांगितलं कारण). पैसा क्लिनिकलवाल्यांएवढा नाही, घरचे विचारतील दवाखाना कधी काढणार, दर दिवाळीला विचारतील. आणि वाचवलेला माणूस तुला कधी पेढे घेऊन भेटायला येणार नाही, कारण त्याला माहीतच नसतं तो वाचलाय. ज्याला हे टोचतं त्यानं सर्जरी करावी, ती पण चांगली आहे, माझा राग नाही. क्लार्कशी, हवालदाराशी, वॉर्डबॉयशी नीट वागायला शिक, तुझा निम्मा डेटा त्यांच्या हातात आहे. आणि रजिस्टर रूममधे स्वतः बस, दुसऱ्याकडनं एंट्री करून घेतलेल्या डेटातलं तुला काहीच दिसणार नाही.

एवढं वाचूनही यायचं असलं तर हंगाम सुरू झाला की एका संध्याकाळी ये. एका कारखान्याच्या वाटेवर यार्डाच्या आत, रस्त्यावर नाही, उभ्या ट्रॉल्यांच्या मागं आपण मोजणार आहोत, मोटरसायकलचा डिम लाइट टाकून कुठली ट्रॉली किती मीटरवरनं दिसते, आधी आहे तशी, मग रिफ्लेक्टर पुसून, मग कापडी पट्टा लावून. पन्नास मीटरचा टेप माझ्याकडं आहे. मळका शर्ट घाल, आणि चमकणारं जॅकेट तुझं तू आण, माझ्याकडं एकच आहे.